कुरडईपासून शिमग्यापर्यंत

मूल बोलायला शिकते ते बहुधा काहीतरी मिळवण्यासाठी, काहीतरी टाळण्यासाठी, किंवा दुसऱ्याला मिळाले ते आपल्याला का नाही हे विचारण्यासाठी. चित्रांची पुस्तके, बडबडगीते आणि "सांग पाहू, हा कोणता प्राणी?" छापाच्या परीक्षा यांचा उपयोग असतोच; पण विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत आहे हे मुलाच्या लवकर लक्षात येते, आणि मग उत्तर देण्याची त्याला घाई राहत नाही. घरातल्या हंगामी कामांत असे लुटुपुटीचे प्रश्न नसतात. गच्चीवर वाळवण खरे असते, कावळा खरा असतो, आणि पातेल्यात आमरस किती उरला हा प्रश्न तर फारच खरा असतो. मराठी घराच्या वर्षात अशी कामे ऋतूमागून ऋतू येत राहतात आणि प्रत्येक काम मुलाच्या भाषेत काही ना काही भर घालून जाते. ती भर मोठ्यांनी ठरवलेलीच असेल, याची मात्र हमी देता येत नाही.

बालशिक्षणात या गोष्टीची दखल फार पूर्वी घेतली गेली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरी पद्धतीची साधने खेड्याला परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी पाने, बिया, शंखशिंपले, दगडगोटे अशी आसपासची साधने वापरली, आणि मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यांच्याकडे जे विचारपूर्वक होत असे, ते बहुतेक घरांत आजीला मदतीला माणूस कमी पडला म्हणून होते. परिणामात फारसा फरक पडत नाही.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असले तरी या अभ्यासक्रमाचा पहिला धडा वार्षिक परीक्षा संपताच, ऐन वैशाखात, गच्चीवर घेतला जातो. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजतात, वाटले जातात, त्यांचा चीक निवळतो, शिजतो आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून प्लास्टिकच्या कागदावर उतरतो. या सगळ्या खटाटोपात मुलांकडे येणारे पद राखणदाराचे. वेतन म्हणून एक वाटी गरम चीक, आवडीप्रमाणे दूधसाखर किंवा मीठतेल घालून, आगाऊ दिला जातो. आगाऊ वेतन घेतलेला कर्मचारी कामावर किती वेळ टिकतो याचा अनुभव घरातल्या बायकांना दरवर्षी येतो आणि दरवर्षी विसरला जातो.

राखणीच्या या दोन-तीन दिवसांत मूल ओलेपणाच्या पायऱ्या शिकते. ओली, दमट, सर्द, वरून सुकलेली पण पोटात ओली, उलटवण्याजोगी आणि शेवटी खडखडीत: कुरडईच्या आयुष्यातल्या या अवस्था शब्दांत सांगता आल्याशिवाय खालून येणाऱ्या "वाळल्या का गं?" या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. "हो" म्हटले तर वर येऊन पाहणी होते आणि "नाही" म्हटले तर आणखी तासभर बसावे लागते. त्यामुळे मुलाला दोन्हींच्या मधले उत्तर शोधावे लागते. "तशा वाळल्यात, पण अजून थोड्या वाळल्या तर बरं" हे उत्तर सहा वर्षांच्या मुलाने दिले तर त्याचे निरीक्षण आणि शब्दसंपत्ती या दोन्हींची वाढ समाधानकारक आहे असे समजावे. सावलीत बसायला कोण कोण आले होते, याचीही चौकशी करावी.

व्याकरणाची मोठी घटना याच गच्चीवर घडते. मोडलेली कुरडई मुलांची, असा अलिखित कायदा पुष्कळ घरांत आहे. कायदा समजला की पहिला परिणाम संकेतार्थी वाक्यावर दिसतो: "आजी, ही मोडली तर मी खाऊ?" दुसरा परिणाम कुरडयांवर दिसतो. पुढे तपास सुरू झाला की "मी मोडली" आणि "मोडली" या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे हे मुलाला आपोआप उमगते. एकात कर्ता असतो, दुसऱ्यात कुरडई स्वतःच्या मर्जीने दुभंगलेली असते. शाळेत सकर्मक आणि अकर्मक क्रियापदे शिकवताना मास्तर घसा कोरडा करतात. गच्चीवर हा धडा एका सकाळी पुरा होतो आणि पुढे तो काचेच्या बरण्या, दादाचे पेन, शेजाऱ्यांची कुंडी असा कुठेही लावता येतो.

पापडाचा दिवस वेगळा. त्या दिवशी शेजारणी आपापले पोळपाट-लाटणे घेऊन येतात, उडदाचे पीठ तेलाच्या हाताने कुटले जाते आणि लाट्यांचा ढीग लागतो. मुलांचा डोळा लाट्यांवर असतो, कारण तेलात बुडवून खाल्लेल्या कच्च्या लाटीची सर भाजलेल्या पापडाला येत नाही. आजी अशा वेळी मुलाच्या हातात एक लहान लाटी आणि मोडके लाटणे देते. सुरुवातीला स्वतः गोल फिरवून देते, मग नुसते "कडेने, कडेने" म्हणते, आणि शेवटी पाहतही नाही. डेव्हिड वूड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली नेमकी हीच पद्धत लाकडी ठोकळे रचणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर अभ्यासली. मुलाला झेपत नाही तेवढाच आधार द्यायचा आणि जमू लागले की तो काढून घ्यायचा, या क्रियेला त्यांनी इमारतीच्या परांचीचे नाव दिले. आजीने नाव काही दिले नाही. तिने मुलाचा पापड निमूटपणे ढिगाच्या तळाशी घातला, कारण तो वर ठेवला असता तर शेजारणींना दिसला असता.

पापड लाटताना हात गुंतलेले असतात, तोंडे मोकळी असतात आणि मुले आसपास असतात. या तिन्ही गोष्टी एकत्र येणे भाषेच्या दृष्टीने फार मोलाचे. कुणाची सून माहेरी गेली, किती दिवस झाले आणि ती येणार की नाही, हे सगळे अर्ध्या वाक्यांत बोलले जाते आणि उरलेले अर्धे भुवया बोलतात. "त्या ह्यांचं ते तसंच" या वाक्यात एकही नाम नाही, तरी उपस्थितांपैकी प्रत्येकीला ते समजते. मूल ऐकत राहते, जुळवत राहते आणि आठवड्याभराने, बहुधा त्या ह्यांच्याच घरी, आपला निष्कर्ष मोठ्याने जाहीर करते. ऐकलेले समजणे आणि समजलेले कुठे बोलू नये हे समजणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली आधी येते आणि दुसरी पाठीत धपाटा बसल्यावर.

मुलांनीही यावर आपला उपाय शोधून ठेवला आहे, तो म्हणजे च-ची भाषा. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवायचे आणि त्याच्या जागी च बसवायचा: पापडाचा चापडप होतो, घरीचे चरीघ होते. ही भाषा उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या घरी मोठ्या भावंडांकडून धाकट्यांकडे जाते आणि ती फाडफाड येणे हा तिथला मानाचा प्रश्न असतो. शब्द कानाने सोडवून त्यातले आवाज वेगळे काढता येणे ही वाचनाची पूर्वतयारी आहे असे वाचनशिक्षणाचे अभ्यासक सांगतात, आणि त्यासाठी खास सराव करून घेण्याची शिफारस करतात. मामाच्या घरी हा सराव रात्री गाद्या घातल्यावर, दिवा मालवल्यानंतर, मामी ओरडेपर्यंत चालतो. ही भाषा मोठ्यांना येत नाही असा मुलांचा समज असतो. मोठेही तो मोडत नाहीत, कारण त्यामुळे खाऊचा डबा कुठे लपवला जाणार हे आधीच कळते.

आंब्याचा हंगाम शब्दांच्या बाबतीत श्रीमंत आहे. कैरी, पाडाचा आंबा, अढी, देठ, बाठा, रायवळ, बिटकी, हापूस, पायरी, आणि वरून देखण्या हापुसाच्या पोटात निघणारा साका. अढीतला गवताचा थर बाजूला करून आंबा नुसता वासावरून निवडायचा आणि दाबून पाहायचा नाही, हे शिकायला एक हंगाम जातो. दाबलेला आंबा कुणी दाबला हे शोधायला मोठ्यांना एक मिनिटही लागत नाही. पण या हंगामाचे खरे शिक्षण पंगतीत होते. मराठी पंगतीत "नको" या शब्दाला ठरावीक किंमत नसते. पाहुण्याचे पहिले "नको" म्हणजे वाढा, दुसरे म्हणजे जरा कमी वाढा, आणि तिसऱ्याच्या वेळी वाटीवर आडवा हात आला तरच ते नको धरायचे. मुलाला हे कुणी समजावून सांगत नाही. ते पाहुण्यांसमोर शहाण्यासारखे पहिल्यांदा "नको" म्हणते, वाढणारी मामी त्याचे बोलणे खरे धरून पुढे जाते, आणि आमरसाचे पातेले डोळ्यांदेखत दूर जाते. पुढच्या पंगतीत त्या मुलाचा हात वाटीच्या बाजूला असतो, वर नसतो. उलट बाजूने, आईने डोळे वटारले म्हणजे तिसरी वाटी मागायची नाही, हे मूकभाषेचे शिक्षणही त्याच पंगतीत चालू असते.

पावसाळ्यात बाहेरची कामे थंडावतात. कागदी होड्या आणि पत्ते यांवर आषाढ निघतो. होडीपेक्षा पत्त्यांत भाषा जास्त, कारण होडी रडीचा डाव खेळत नाही.

विदर्भातल्या मुलांचा हंगाम पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, उजाडतो. मोठ्यांच्या पोळ्याला खरे बैल सजतात. तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत आणतात. मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, गोळा करायचा. हे काम वरवर दिसते तितके सोपे नसते. दारात आलेल्या बैलाची चौकशी केल्याशिवाय विदर्भातला आजोबा खिशात हात घालत नाही. "काय गा, कितीचा घेतला बैल? दात किती? नांगराला चालते की नुसता खाते?" बैलाला दातच नसतात आणि तो गेल्या वर्षी थोरल्या भावाचा होता, ही वस्तुस्थिती बाजूला ठेवून पाच वर्षांच्या मालकाला त्याची तारीफ करावी लागते. ज्याला बैलाचे वय, स्वभाव आणि एक-दोन पराक्रम तिथल्या तिथे रचता येतात, त्याच्या पिशवीत दुपारपर्यंत चांगली भर पडलेली असते. लाजून आईच्या पदराआड उभ्या राहणाऱ्यालाही बोजारा मिळतोच, पण तो आईला विचारून मिळतो, आणि त्यातला हिशेबही मग आईकडेच राहतो.

गणपतीत पाठांतर होते. आरती मुलांना वर्षानुवर्षे तोंडपाठ असते आणि अर्थाचा अडथळा मध्ये येत नसल्यामुळे ती भरभर म्हणता येते. आरतीतला फणिवर, म्हणजे नाग, कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या फळीवर बसलेला आहे आणि त्याला खाली उतरवण्याची कुणाला गरज वाटलेली नाही. समाजात वावरण्याच्या दृष्टीने आरतीपेक्षा दाराचे काम महत्त्वाचे. दर्शनाला येणाऱ्यांना "या, बसा" म्हणणे, चपला कुठे काढायच्या ते दाखवणे, प्रसाद उजव्या हातावर ठेवणे आणि "कितवीत आहेस?" या प्रश्नाला दहा दिवसांत शंभर वेळा त्याच उत्साहाने उत्तर देणे. शेवटची गोष्ट मोठ्यांनाही जमत नाही.

भोंडला हा या वेळापत्रकातला सर्वांत नीट रचलेला पाठ म्हणावा लागेल, आणि तो कुणी रचला याचा पत्ता नाही. आश्विनात, सूर्य हस्त नक्षत्रात असताना, पाटावर हत्ती काढून किंवा मांडून मुली त्याच्याभोवती फेर धरतात आणि गाणी म्हणतात. काही भागांत यालाच हादगा म्हणतात. विदर्भ-खानदेशात याच सुमाराला भुलाबाई येतात, त्या भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर राहतात. जुन्या रिवाजात पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे रोज एकेक वाढत जाई. म्हणजे काल शिकलेले आज म्हटल्याशिवाय नवे मिळत नसे. क्रमिक पुस्तकांच्या मंडळांना इतकी शिस्त क्वचितच साधली आहे.

गाण्यांचा विषय मात्र सासर. सात-आठ वर्षांच्या मुली, ज्यांचा सासू या संस्थेशी काडीचा संबंध आलेला नाही, त्या सासूविरुद्ध एकमुखाने तक्रार करतात, आणि ती तक्रार आपापल्या आयांच्या सासूबाईंसमोर, म्हणजे स्वतःच्या आजीसमोर करतात. आजीही टाळ्यांचा ठेका धरते, कारण गाण्यातली सून ती स्वतःला समजते. काही गाण्यांत सून माहेरी जायची परवानगी मागते आणि तिला एका नातेवाइकाकडून दुसऱ्याकडे पाठवले जाते. प्रत्येक जण नवी अट घालतो किंवा पुढच्याकडे बोट दाखवतो. यातून सासू, सासरा, दीर, जाऊ, नणंद ही नात्यांची उतरंड क्रमाने पाठ होते. शिवाय अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसा सरकतो याची कल्पना मुलींना पहिलीतच येते; मोठेपणी रेशनकार्डाच्या रांगेत उभे राहिल्यावर त्यांना फारसे आश्चर्य वाटत नाही.

पण भोंडल्याचा प्राण खिरापतीत आहे. फेर संपला की झाकलेला डबा मध्ये येतो आणि आत काय आहे ते सर्वांनी ओळखायचे असते. "गोड की तिखट?" या प्रश्नाने सुरुवात होते. तिखट म्हटल्यावर "ओलं की कोरडं?", मग "तळलेलं का?", "डाळीचं का?", "चमच्यानं खायचं की हातानं?" अर्धे जग एका प्रश्नात बाद करण्याची ही युक्ती ज्या मुलीला साधते ती तीन-चार प्रश्नांत वाटल्या डाळीपर्यंत पोहोचते. जिला साधत नाही ती शिरा, चिवडा, लाडू अशी सरळ यादी म्हणत सुटते, आणि तीही कधी कधी जिंकते, हे पाहून पहिलीचा न्यायावरचा विश्वास कमी होतो. डबा हलवून पाहणे नियमबाह्य आहे आणि सर्वत्र केले जाते.

यजमान मुलीची परीक्षा याहून कठीण. तिला खरे बोलायचे असते पण सांगायचे नसते. "तिखट आहे, पण खूप नाही" हे उत्तर देताना तिच्या चेहऱ्यावर जे ताण दिसतात ते पुढे जाहीर चर्चेत बसणाऱ्या प्रवक्त्यांच्या चेहऱ्यावर दिसतात. घरातला धाकटा भाऊ हा या व्यवस्थेतला कच्चा दुवा. त्याने दुपारी स्वयंपाकघरात सगळे पाहिलेले असते. एका चॉकलेटवर तो फितूर होतो आणि खिरापत पहिल्याच फटक्यात ओळखली जाते. कुणाला काय सांगावे आणि सांगितल्यावर घरी आपले काय होते, याचे शिक्षण त्याला त्याच रात्री मिळते. आयांची स्पर्धा हा वेगळाच विषय आहे. ओळखता न येणारी खिरापत करण्याच्या नादात दडप्या पोह्यांत बीट पडले आहे, आणि अलीकडे इडलीचे तुकडे परतून त्यांना चिनी नाव दिले जाते.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत भोंडला नक्षत्र पाहून होत नाही, शनिवारी सभागृह मिळेल तसा होतो. तिथे वाढणाऱ्या मुलांना सासर हे एखाद्या गोष्टीतल्या राज्यासारखे वाटते, पण खिरापत त्यांनाही बरोबर समजते. अमेरिकेतल्या भोंडल्यात पहिला प्रश्न मात्र "गोड की तिखट?" नसतो, "शेंगदाणे आहेत का?" हा असतो, तो एखादी आई विचारते आणि त्याला खरे उत्तर द्यावे लागते. त्यामुळे चिवडा तिथे खेळ सुरू होण्याआधीच ओळखला जातो.

दिवाळीचा किल्ला हा बालसमाजाचा सर्वांत मोठा सार्वजनिक प्रकल्प. विटा, दगड, जुने पोते, त्यावर चिखल, वर गेरू, आणि हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेरलेली. माती कुठून आणायची यावरून कामाला सुरुवात होते. सोसायटीच्या बागेतली माती माळीकाका देत नाहीत. तेव्हा माळीकाकांशी बोलायला कुणाला पाठवायचे यावर पहिली सभा भरते. ज्याला "काका, थोडीच हवी होती" हे वाक्य योग्य त्या पडलेल्या आवाजात म्हणता येते तो शिष्टमंडळाचा नेता होतो. बाकीचे पाठीमागे पोते लपवून उभे राहतात, आणि पोत्याच्या आकारावरून "थोडीच" चा अर्थ माळीकाका बरोबर लावतात.

किल्ल्यावरच्या पदांची वाटणी वयाप्रमाणे होते. आठवीतला दादा बांधकामाचा प्रमुख. सहावी-सातवीतले बुरूज आणि तटबंदी सांभाळतात. तिसरीच्या खालचे पाणी आणतात. पाणी आणणाऱ्यांना दोन दिवसांनी शोषणाची जाणीव होते आणि एखादी चिमुरडी हंडा खाली ठेवून "मीपण बुरूज करणार, नाहीतर आमच्या नळाचं पाणी बंद" अशी मागणी पुढे करते. तिला बहुधा विहीर खणायला देतात. विहीर म्हणजे जमिनीत पुरलेली वाटी. पण विहिरीवर अधिकार त्या चिमुरडीचा असतो आणि तिच्या परवानगीशिवाय कुणी तीत बोट घालू शकत नाही. माची, बालेकिल्ला, दिंडी, चोरदरवाजा, टाके हे शब्द अशा वादांतून पक्के होतात. चोरदरवाजा कुठे ठेवायचा यावर दीड तास भांडलेले मूल तो शब्द जन्मात विसरत नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांची न्यायबुद्धी समजून घेण्यासाठी गोट्यांच्या खेळाचा अभ्यास केला आणि १९३२ साली त्यावर पुस्तक लिहिले. लहान मुलांना नियम वरून आलेले आणि अटळ वाटतात, मोठ्या मुलांना ते आपसांत ठरवलेले आणि म्हणून बदलता येणारे वाटतात, असे त्यांना दिसले. किल्ल्यावर हे दोन्ही पक्ष एकाच वेळी हजर असतात. "शिवाजी महाराज सगळ्यांत वरच बसतात" असे दुसरीतला ठामपणे सांगतो, सातवीतला म्हणतो, "वर चिखल ओला आहे, आज खाली बसू देत, उद्या वर नेऊ." वाटाघाटी फिसकटल्या तर महाराज रात्रीपुरते कुणाच्या तरी घरी मुक्कामाला जातात.

तयार झालेला किल्ला दाखवण्याचे काम कथनाचे आहे आणि ते फार कसाचे आहे, कारण किल्ल्यावरच्या वस्तूंचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत. मावळ्याच्या दुप्पट वाघ, वाघाच्या दुप्पट कोंबडा, पायथ्याशी प्लास्टिकची आगगाडी आणि बोगदा. पाहायला आलेल्या काकांशी मग असा संवाद होतो:

"हा कुठला रे किल्ला?"

"राजगड."

"मग हा समुद्र कसा आला इथे?"

"तो… काका, त्या बाजूनं सिंधुदुर्ग आहे."

"आणि ही मोटार?"

"ती पर्यटकांची."

इतक्या कमी वेळात इतके सुसंगत उत्तर तयार करण्याची ताकद वर्गातल्या निबंधलेखनातून येत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून कोणत्याही काकांनी कुठलाही मेळ न बसणारा भाग दाखवला की "ती जिंजी" असे उत्तर देता येण्याची सोय झाली आहे. बहुतेक काकांनी जिंजी पाहिलेली नसते.

बाजारात मिळणारा प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला दिसायला नीटनेटका असतो, हात घाण होत नाहीत आणि भांडणही होत नाही. भांडण होत नसल्यामुळे बोलणेही होत नाही. मूल तो जमिनीवर ठेवते, मावळे मांडते आणि पाच मिनिटांत टीव्हीसमोर जाते. गोव्यात किल्ल्याची जागा नरकासुर घेतो. वाड्यावाड्यांवरची पोरे वर्गणी काढून, कागद आणि गवत भरून त्याला उभा करतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळतात. असुर शेजारच्या वाड्यावरच्या असुरापेक्षा उंच व्हावा यासाठी रात्रभर चालणारी खलबते किल्ल्याच्या सभेपेक्षा कमी नसतात, फक्त ती कोंकणीत होतात.

संक्रांत आदरार्थी क्रियापदांची. तिळगूळ घेऊन निघालेल्या मुलाला प्रत्येक दारात क्षणात ठरवावे लागते, समोरच्याला "घ्या" म्हणायचे की "घे". आजोबांना घ्या, मित्राला घे, हे सोपे. मित्राच्या कॉलेजातल्या ताईला काय म्हणायचे? घे म्हटले तर आगाऊपणा, घ्या म्हटले तर ती "म्हातारी झाले का मी?" म्हणून रागावते. अनुभवी मुले अशा ठिकाणी क्रियापदच गाळतात आणि नुसता "तिळगूळ!" म्हणून हात पुढे करतात. गोड बोलण्याची सूचना मात्र ती शब्दशः घेतात. वर्षभर पार्किंगवरून ज्यांच्याशी बोलणे बंद आहे त्या शेजाऱ्यांच्या दारात जाऊन "आजपासून तुम्ही आमच्याशी बोलायचं, बाबांनी तुम्हाला तापट म्हटलेलं विसरून जायचं" असा समेट घडवून आणल्याची उदाहरणे आहेत. दुसरीकडे बोरन्हाण चालू असते. हलव्याचे दागिने घातलेले बाळ पाटावर बसून भोकाड पसरते, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि गोळ्या ओतल्या जातात, आणि भोवतालची मुले त्यांवर तुटून पडतात. कार्यक्रम बाळाचा असतो, पण त्यात बाळाला काही सांगायचे असते तर ते कुणी ऐकून घेत नाही.

शेवटचा धडा शिमग्याचा. होळीसाठी लाकडे आणि गोवऱ्या लागतात, त्यासाठी वर्गणी लागते आणि वर्गणीसाठी जिना चढावा लागतो. "होळीची वर्गणी" एवढेच म्हणणारा दहा रुपये घेऊन उतरतो. "काकू, मागच्या वर्षी तुम्ही सगळ्यांत जास्त दिली होती" म्हणणारा जास्त घेऊन उतरतो, मागच्या वर्षी त्या काकू इथे राहतही नव्हत्या तरी. मग रात्री होळी पेटते आणि वर्षभर "ओरडू नकोस" ऐकलेली मुले तोंडावर हात मारून, मोठ्यांच्या देखत, त्यांच्या संमतीने आणि कधी कधी त्यांच्या साथीने बोंब ठोकतात. कोणते शब्द आज चालतात, ते उद्या सकाळपासून का चालत नाहीत, आणि ते बाबांना आधीपासून कसे येत होते, हे तीन प्रश्न मुलाला एकदमच पडतात. पहिल्या दोहोंची उत्तरे आई देते. तिसऱ्याला बाबा पाण्याची बादली आणायला जातात.

धुळवडीनंतर वर्गणीचा हिशेब होतो. उरलेल्या पैशांचे आइस्क्रीम आणायचे यावर एकमत असते. ज्यांनी लाकडे वाहिली त्यांना दोन आणि जे फक्त बोंबलले त्यांना एक, हा ठराव मांडला जातो, त्यावर चर्चा लांबते आणि शेवटी आइस्क्रीम वितळायला लागल्यामुळे सर्वांना सारखे वाटले जाते.